लहान पण, मोठा पण

मराठीत 'पण' हा एक अजब शब्द आहे. डावावर लावायची रक्कम, तो पण. सीतेच्या स्वयंवरात जनकाने केला, तोही पण. कौटिल्याच्या काळी बाजारात चालणाऱ्या नाण्याचे नाव पण. 'मी आलो असतो, पण पाऊस होता' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, त्यातला पण आणखी निराळा. आणि लहानपण, मोठेपण या शब्दांच्या शेपटीला चिकटलेला पण तर कोणाच्या लक्षातही येत नाही. या सर्वांचे कूळ एक नाही, हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो. परंतु व्यवहारात ही मंडळी एकमेकांच्या घरी फार येतात-जातात. ज्याला डावातला पण लावता येतो त्याला वाक्यातला 'पण' वेळेवर आठवेल असे नाही, आणि लहान पण लावणाऱ्याला लहानपण मानवेलच असेही नाही. यंदा या सदरात त्याच येण्याजाण्याविषयी लिहायचे आहे.

विषयाला मुहूर्तही चांगला आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा चकलीच्या डब्यामागोमाग पत्त्यांचा कॅटही बाहेर निघालेला असेल. ज्या दिवसाला आपण दिवाळीचा पाडवा म्हणतो त्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेचे जुन्या ग्रंथांतले एक नाव द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि शंकर हरले, अशी कथा आहे. कौटिल्य देवांच्या भानगडीत पडत नाही. त्याने सरळ द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमला, ठरल्या जागेखेरीज खेळणाऱ्याला १२ पण दंड ठेवला आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा ५ सरकारात जमा करायला सांगितले. म्हणजे जुगार वाईट हे खरे, पण (हा पहा, आलाच) वसुली चांगली, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही कळत होते.

आमच्या घरी मात्र पैशाने पत्ते कधी खेळले गेले नाहीत. मोठी माणसे मेंढीकोट खेळत, आम्ही पोरे भिकार-सावकार. हा खेळ ज्याने बालपणी खेळला नाही त्याचे अर्थशास्त्राचे शिक्षण अपुरे राहिले असे मी समजतो. पाच मिनिटांपूर्वीचा सावकार बघता-बघता भिकारी होतो आणि जेवणाची पाने वाढेपर्यंत पुन्हा सावकार. रडारड होते, एखादा कॅट भिरकावला जातो, आणि आईने हाक मारली की सगळे विसरले जाते; कारण पणाला काहीच लागलेले नसते. लागलेले असते तेव्हा काय होते, ते मी गेली काही वर्षे माझ्या भाच्याकडे पाहून शिकतो आहे.

माझी धाकटी बहीण आंधळगावला दिली आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले हे गाव कोशाच्या कापडासाठी नावाजलेले. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांच्या कोशातून निघालेले ते मधासारख्या रंगाचे सूत, आणि करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या करवतकाठी साड्या, ही या भागाची श्रीमंती. माग आता पूर्वीइतके राहिले नाहीत. तरी आमच्या भाऊजींचा हातमाग अजून चालतो, आणि पुढच्या साडीच्या सुताचे पैसे मागच्या साडीतून काढायचे, हे त्यांच्या घराचे अंदाजपत्रक. भाचा बी. कॉम. झाला आणि भंडाऱ्याला एका कर सल्लागाराच्या कचेरीत हिशेब लिहू लागला. पगार १४,०००. रोज एस. टी. ने जातो-येतो. याच प्रवासात, २०२१ साली, तो मोबाइलवर पोकर खेळू लागला.

पोकर म्हणजे आपल्या तीन पानी खेळाचा विलायती आणि जास्त शिकलेला भाऊ, एवढे सांगितले तर घरातल्या बायकामंडळींनाही पुरेसे कळेल. प्रत्येकाला दोन पाने गुप्त मिळतात, पाच पाने सर्वांच्या मध्ये उघडी पडतात, आणि सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी त्याचा डाव. मधे बोली वाढवता येते, पाने टाकून पळता येते, आणि हाती काही नसताना भारी पाने असल्याचा आव आणून दुसऱ्याला पळवून लावता येते. याला ते ब्लफ म्हणतात. आपल्याकडे 'हूल देणे' हा त्याहून चांगला शब्द आहे. भाचा खेळत होता त्या याच खेळाच्या स्पर्धा. प्रवेशफी एकदाच भरायची, सर्वांना सारख्या चकत्या मिळतात, त्या संपल्या की माणूस बाद. सक्तीने टाकायच्या चकत्यांचा आकडा दर काही मिनिटांनी वाढत जातो, त्यामुळे नुसते गप्प बसून राहणाराही झिजून मरतो. शेवटी शंभरांतल्या दहा-पंधरा जणांना काही तरी मिळते, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या तिघांकडे जातो. भाच्याची सुरुवात ५५ रुपयांच्या स्पर्धेने झाली. त्यातले ५० बक्षिसांच्या राशीत, ५ कंपनीला. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष शेकडा ५ वर भागवीत होता, हे मी त्याला सांगितले, तो म्हणाला, "मामा, त्यायले सर्व्हरचा खर्च नव्हता ना जी."

हा मुलगा उडाणटप्पू असता तर हा लेख मी लिहिला नसता. त्याने दोनशे पानी वही घातली होती. पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने एक नियम लिहिला होता: कोणत्याही स्पर्धेची प्रवेशफी, जवळच्या गंगाजळीच्या शंभराव्या भागाहून जास्त नसावी. ५५ रुपयांसाठी गंगाजळी ५,५०० हवी, ५५० साठी ५५,००० हवी. मी कारण विचारले, तेव्हा त्याने मला जे गणित समजावले ते मी आजवर कोणत्याही प्राध्यापकाकडून इतके स्वच्छ ऐकलेले नाही.

या खेळात सर्वांत भारी सुरुवात म्हणजे एक्क्यांची जोडी. ती सरासरीने २२१ हातांत एकदा येते. समजा ती तुम्हाला आली आणि समोरच्याकडे राजांची जोडी आहे. दोघांनीही सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. पाचांतून साधारण चार वेळा तुम्ही जिंकाल. पण पाचव्या वेळी, काहीही चूक न करता, उठून घरी जाल. स्पर्धा जिंकायची तर असे प्रसंग एका रात्रीत पाच यायचे. आणि पाचही वेळा तरण्याची शक्यता तिनांतून जेमतेम एक. हे झाले सर्वांत भारी पानांचे. म्हणजे उत्तम खेळाडूही बहुतेक स्पर्धांत हरतो. तो हरत-हरतच जिंकतो; आणि ते लांबलचक हरणे सोसायला जवळ साठा लागतो. "कौशल्य खरं आहे मामा," तो म्हणाला, "पण ते एका डावात दिसत नाही. हजार डावांत दिसते. हजार डाव बसायले मिळाले पाहिजेत."

पुढे त्याने जे सांगितले ते मला अधिक मनोरंजक वाटले. लहान आणि मोठ्या फीची स्पर्धा यांत पाने तीच, नियम तेच; माणसे बदलतात. ५५ रुपयांच्या टेबलावर हजार-दीड हजार लोक असतात. कोणी गाडीची वाट पाहत असतो, कोणी बाळाला झोपवीत असतो. तिथे हूल देणे म्हणजे झोपलेल्या माणसाला डोळा मारणे. त्याला तुमच्या बोलीचा अर्थच कळत नाही; त्याच्याजवळ एक दुर्री असली तरी तो 'पाहू तर खरे' म्हणून शेवटपर्यंत येतो. तिथे सरळ खेळायचे, चांगली पाने येईपर्यंत थांबायचे, आली की पुरेपूर वसूल करायचे. मोठ्या फीच्या टेबलावर माणसे थोडी, आणि तीच ती. प्रत्येकाने दुसऱ्याची खोड टिपून ठेवलेली असते, संगणकाकडून डाव घोटवून घेतलेले असतात. तिथे नुसता सरळ खेळणारा चार दिवसांत ओळखला जातो आणि त्याची पाने येताच सगळे पळून जातात. लहान टेबलावर दुसऱ्यांच्या चुकांवर जगायचे, मोठ्या टेबलावर आपल्या चुका झाकत जगायचे. एका टेबलावरचा शहाणपणा दुसऱ्यावर मूर्खपणा ठरतो.

अडीच-तीन वर्षांत वहीतली गंगाजळी हळूहळू ५५,००० च्या पुढे गेली आणि तो नियमाप्रमाणे ५५० च्या स्पर्धांत बसू लागला. अधूनमधून एखादी ११०० ची. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर तशाच एका स्पर्धेत नऊशे जणांत त्याचा तिसरा नंबर आला. वहीत आता १,६०,००० होते.

त्या भाऊबीजेला मी आंधळगावात होतो. भाच्याच्या धाकट्या बहिणीने ओवाळले. आदल्या वर्षापर्यंत तबकात ५०१ पडत. त्या वर्षी ५,००१ पडले. पोरगी हरखली. शेजारच्या दोघी-तिघी वाकून बघून गेल्या. माझी बहीण तेवढी काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना ती एवढेच म्हणाली, "चांगलं आहे दादा. पण पुढच्या सालची ओवाळणी आता कितीची टाकंल हा?"

मला वाटते, पोकरवरच्या ग्रंथांत जे सापडायला फार पाने उलटावी लागतील ते या एका प्रश्नात आले. चढलेली रक्कम खाली कशी आणायची? आपल्या मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न पत्त्यांवाचूनही रोज पडतो. मोठ्या मुलीच्या लग्नात हॉल घेतला, की धाकटीच्या लग्नात अंगणात मांडव घालता येत नाही. एकदा मोटारीतून गेलेला माणूस सिटी बसच्या थांब्यावर उभा राहिला तर ओळखीचे लोक 'गाडी गॅरेजात का?' असे विचारतात. चढण्याला पैसा पुरतो. उतरायला काय लागते, हे कोणी शिकवीत नाही.

त्यातच भाच्याने एक कथा वाचली होती. २००३ साली अमेरिकेत पोकरच्या जागतिक स्पर्धेत टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस पहिला आला. त्या मुख्य स्पर्धेची फी १०,००० डॉलर. पण याने शंभर डॉलरांहून कमी फीची एक छोटी स्पर्धा संगणकावर घरबसल्या जिंकून तिथला प्रवेश मिळवला होता. ८३९ खेळाडूंत तो जिंकला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याचे आडनाव मनीमेकर! कादंबरीकाराने असे नाव ठेवले असते तर आम्ही टीकाकारांनी त्याला फाडून खाल्ले असते. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ माणसे आली. त्यांतल्या किती जणांना आपणही मनीमेकर आहोत असे वाटत होते, ते देव जाणे. आमचा भाचाही म्हणू लागला, "तोही हिशेबच लिहीत होता, मीही हिशेबच लिहितो." आणि तो ५,५०० च्या स्पर्धांत बसला. वहीच्या नियमाने त्याला ५,५०,००० हवे होते; जवळ होते १,६०,०००, म्हणजे तीस प्रवेशफीही पुऱ्या नाहीत. २०२५ च्या एप्रिलात वहीत ३८,००० उरले.

इथवरची गोष्ट नवी नाही. सभापर्वात युधिष्ठिर पहिला पण लावतो तो रत्नांच्या हाराचा. मग सोन्याच्या मोहरा, रथ, दासी, हत्ती, घोडे, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. मी हा भाग कितीदा तरी शिकवला आहे, आणि दर वेळी शकुनीच्या कपटावरच चर्चा होते. भाच्याची वही पाहिल्यावर मी ते पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की त्या साऱ्या डावांत धर्मराज एकदाही खाली उतरत नाही. 'रथ गेला, आता एक मोहर लावतो' असे त्याला एकदाही सुचत नाही. समोर भरलेली सभा, भीष्म-द्रोण बसलेले. सम्राटाने एक मोहर कशी लावावी? शकुनीचे फासे खोटे होते, हे खरेच. परंतु लहान पण लावण्याची लाज ही धर्मराजाची स्वतःची होती.

आणि दुसरा जुगारी आम्हा वैदर्भीयांचा जावई. दमयंती विदर्भाची, कुंडिनपूर ते अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर असे मानतात. नळानेही राज्य घालवले. पण पुढे तो बाहुक होऊन ऋतुपर्ण राजाच्या घोड्यांची चाकरी करतो, आणि त्या चाकरीत असताना राजा त्याला एका बेहड्याच्या झाडाची पाने-फळे न मोजता अचूक सांगून दाखवतो. तीच ती अक्षविद्या. नळ आधी राजा असताना हरला, आणि घोडेवाला झाल्यावर खेळ शिकला. शिकायला त्याला खाली यावे लागले, आणि खाली राहावत होते म्हणून तो शिकू शकला.

भाच्यानेही उतरायचे ठरवले होते. वहीच्या हिशेबाने ३८,००० वर जास्तीत जास्त ३८० ची फी. तो शहाण्यासारखा थेट ५५ वर आला. आणि तिथे त्याला खेळताच येईना. तीन-चार आठवड्यांत त्याने त्या ५५ च्या टेबलांवर ४,००० घालवले. "जीवच लागत नाही मामा," तो म्हणाला. पाने कंटाळून टाकायची, नाही तर कंटाळून सगळ्या चकत्या पुढे लोटायच्या. झोपलेल्या माणसांना डोळे मारायचे आणि ते जागे होत नाहीत म्हणून चिडायचे. पूर्वी याच टेबलांवर तो संथपणे जिंकत असे. खेळ तोच होता, किंबहुना याचा हात अधिक तयार झाला होता. पण ५५ रुपये आता त्याला रुपये वाटत नव्हते. भाऊजींना पोकरमधले काही कळत नाही. ते एवढेच म्हणाले, "बारीक सुतावर बसलेला हात जाड सुतावर आला की दोन दिवस कापड बिघडते, मास्तर. बिघडलेले कापड माझ्या नावावर जाते, सुताच्या नाही."

त्याच वेळी भाऊजींना साड्यांचे एक चांगले काम सांगून आले आणि सुतासाठी ३०,००० कमी पडत होते. त्यांनी मुलाला विचारले. मुलाजवळ उरले होते ३४,०००. तो शनिवारी नागपूरला माझ्याकडे आला. त्याचे म्हणणे असे, की पैसे दिले तर गंगाजळी संपते, चार वर्षांची वही मिटते. त्याऐवजी रविवारी ५,५०० ची एक मोठी स्पर्धा आहे. ३४,००० त सहा वेळा बसता येईल. एकदा लागली तर बाबांना ३० काय, लाख देता येतील. तो हे सगळे अगदी शांतपणे, कर सल्लागाराच्या कचेरीत बोलावे तसे बोलत होता. माझ्या पोटात मात्र गोळा आला. त्याच्या खेळावर मत देण्याचा मला अधिकार नव्हता. मी मास्तर माणूस, मास्तर विचारतो तेच विचारले, "तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिले आहे?"

"शंभर," तो म्हणाला. "पण मामा..." आणि तो त्या 'पण'वर अडखळला. पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पोहे आणून ठेवले. त्याने ते खाल्ले, संध्याकाळच्या गाडीने गेला, आणि रविवारी ३०,००० भाऊजींच्या हाती ठेवले. रविवारची ती स्पर्धा कोणी जिंकली, हे त्याने नंतर पाहिले असणारच. मी कधी विचारले नाही.

नंतर २०२५ च्या ऑगस्टात संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि मोठ्या कंपन्यांनी लगोलग पैशाचे डाव थांबवले. त्याआधी सरकारने कौटिल्याचा मार्ग चोखाळून पाहिला होता: २०२३ च्या एप्रिलापासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के कर कापला जाई, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून खेळासाठी जमा केलेल्या सगळ्या रकमेवर २८ टक्के जी. एस. टी. बसला. नव्या कायद्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादच बाजूला ठेवला आहे. रमीत कौशल्य आहे आणि तीन पानी हा निव्वळ नशिबाचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात म्हटले होते. पोकरला गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली जुगार ठरवले, तर पश्चिम बंगालचा १९५७ चा कायदा त्याला जुगारातून वगळतो. नव्या कायद्याविरुद्धही अर्ज न्यायालयांत गेले आहेत. ते वकिलांनी पाहावे.

मला त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली. आपल्यातल्या वयस्क वाचकांना बक्षिसी शब्दकोड्यांचे ते वेड आठवत असेल. त्याला आवर घालायला १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा झाला, तेव्हा त्यात रकमेची रेघ होती: महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसे असतील त्या स्पर्धा बंद, त्याखालच्यांना परवाना. त्या कायद्याला लहान पण आणि मोठा पण यांतला फरक मान्य होता. २०२५ च्या कायद्याला ५५ आणि ५,५०० सारखेच. प्रथम मला हे कठोर वाटले. मग सरकारी अंदाजाचा आकडा वाचला: देशात ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये घालवतात. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयेसुद्धा येत नाहीत. एवढे तर आपण मंडईत उडवतो! पण हा भागाकार फसवा आहे. कोट्यवधी लोक ५५ घालवून उठतात, आणि एखाद्या घरातला एखादा मुलगा जमिनीचा तुकडा घालवतो. सरासरीत दोघे एकाच बाकावर बसतात. आणि त्या दुसऱ्या मुलाचीही सुरुवात ५५ नेच झालेली असते. रेघ कागदावर ओढता येते. माणूस ती कोणत्या रात्री ओलांडतो, ते त्याच्या वहीतसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी उमटते.

कायद्याने टेबल बंद केले. हाताला लागलेली सवय मात्र बंद करता येत नाही. भाच्याच्या खात्यातले उरलेले ४,००० परत आले, आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने त्याला फार जड गेले असे माझी बहीण सांगते. महिन्याचा १४,००० पगार म्हणजे अडीच डाव, असा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप होई. घरात तीच बहीण कोशाचे सूत गुंडाळताना तुटलेला हातभर धागासुद्धा फेकत नाही, कारण त्या धाग्याला किंमत आहे. आणि त्याच घरात वीस रुपयांची नोट शर्टाच्या खिशात धुतली गेली तरी याला काही वाटत नसे. हरलेले सव्वा लाख मला तितकेसे लागले नाहीत, कारण बहुतेक जिंकलेलेच होते. पण विणकराच्या घरातल्या मुलाचे पन्नास रुपयांचे माप हरवले, तर ते कोणत्या बाजारात विकत मिळायचे?

म्हणून त्या वर्षीच्या भाऊबीजेकडे माझे लक्ष होते. त्याने तबकात ५०१ टाकले. टाकताना कान लाल झाले होते, पण टाकले. पोरीने ते नेहमीसारखे डोळ्यांना लावून घेतले. शेजारच्या कोणी वाकून पाहिले असेल तर पाहो. माझी बहीण आत गेली आणि तिने त्याला चकली नको म्हणत असताना आणखी दोन वाढल्या.

मग आम्ही दोघे भंडाऱ्याला यायला निघालो. एस. टी. त कंडक्टरजवळ सुटे नव्हते. त्याने तिकिटाच्या पाठीवर '७ रु. देणे' असे लिहून दिले. भंडाऱ्याला उतरून आम्ही रिक्षाच्या थांब्यापर्यंत आलो, तोच भाचा थांबला, खिसे चाचपले, तिकीट काढून पाहिले, आणि "मामा, दोन मिनिटं जी," म्हणून उलटा फिरला. गाडी निघायच्या बेतात होती. तो पळत गेला, खिडकीशी उभा राहून कंडक्टरशी काही तरी बोलला, आणि पाचाचे एक व दोनाचे एक नाणे मुठीत घेऊन परत आला. धाप लागली होती.

मी त्याला काही म्हटले नाही. रिक्षाचे पैसे मात्र मी दिले.